सात चुलींचा हिशेब

वहिदा तापट आहे, असं तिच्या माहेरी नांदेडला आणि सासरी लातूरला, दोन्हीकडं एकमतानं सांगितलं जाई. बाकी कुठल्याच गोष्टीवर या दोन घरांचं एकमत नव्हतं. पण खरं सांगायचं तर वहिदाला उगीच राग कधी आला नाही. राग यावा असं समोर काहीतरी असायचंच, आणि ते तिला इतरांच्या आधी दिसायचं, एवढाच तिचा गुन्हा.

लातुरात क्लासेसच्या गल्ल्यांमधून जे डबे फिरायचे, त्यातले बरेचसे तेव्हा सात बायकांच्या सात चुलींवरून जायचे. डॉक्टर व्हायला आलेली पोरं, कुणी देवणीचं, कुणी अर्धापूरचं, कुणी पार हिंगोलीकडचं, भाड्याच्या खोलीत भिंतीला सूत्रं चिकटवून बसायची आणि या बायकांच्या भाकरीवर जगायची. निकाल लागला की चौकाचौकात सरांचे फोटो झळकायचे. भाकरी थापणाऱ्या बायकांचा फोटो कुणी लावला नाही. लावावा असं त्या बायकांच्याही डोक्यात आलं नाही, आणि वहिदाला त्याचाही राग यायचा.

या सात चुली उभ्या केल्या सिद्धम्मानं. भूकंपात निलंग्याकडचं तिचं घर बसलं, त्यात नवरा गेला. दोन पोरींना घेऊन तिनं आधी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले आणि मग लातूर गाठलं. शेडमध्ये रोख पैसा कुणाच्याच गाठीला नव्हता. तिथं बायकांनी एक रीत पाडली होती. एकीनं पीठ दिलं की दुसरीनं पीठच परत करायचं, तेल दिलं की तेल. मध्ये रुपया आणायचा नाही. रुपया आणला की भांडण आलं, असं सिद्धम्मा म्हणायची. तीच रीत तिनं लातुरात चालवली. सात चुलींपैकी एकीची ज्वारी संपली तर दुसरी पायलीभर द्यायची, आणि पुढं कधीतरी पायलीभर ज्वारीच परत यायची. सातजणींत बारावी कॉमर्स झालेली एकटी वहिदा, म्हणून ती या सातजणींची सेक्रेटरी झाली.

हिशेब मात्र त्यांच्याकडं नव्हता. तो उद्धवराव सरांच्या ऑफिसात होता. सरांचा क्लास लातुरात नावाजलेला, त्यांच्या तीन वसतिगृहांना डबे याच सात चुलींचे. सर पहिल्याच वर्षी म्हणाले होते, “हिशेबाचं आमच्या ऑफिसवर सोडा. कंप्युटर आहे, क्लार्क आहे. तुम्ही भाकरीकडं लक्ष द्या.” बायकांना बरं वाटलं. कुणी काय दिलं-घेतलं, काय खर्चलं याच्या चिठ्ठ्या आठवड्याला ऑफिसात जायच्या आणि तिथल्या मशिनीत गडप व्हायच्या.

मग एका वर्षी डाळ-तेल कडाडलं आणि सातजणींनी डब्याचा दर वाढवून मागायचं ठरवलं. सर म्हणाले, खर्च दाखवा. खर्च तर त्यांच्याच ऑफिसात पडलेला. वहिदा मागायला गेली. पहिल्यांदा क्लार्क जेवायला गेलेला होता. पुढच्या वेळी कंप्युटर बिघडलेला होता. त्याच्या पुढच्या वेळी सॉफ्टवेअरचा परवाना संपलेला होता, आणि तो भरल्याशिवाय म्हणे ते उघडतच नव्हतं.

“पण हिशेब आमचा हाय ना?” वहिदानं विचारलं.

“हिशेब तुमचा, सॉफ्टवेअर आमचं,” क्लार्क नाकातला केस उपटत म्हणाला.

वहिदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरच्या खोलीत प्रवेशासाठी आलेले आईबाप खुर्च्यांवर बसलेले होते. ती तिथं जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “पोरं इथं टाकायला आलात ना? आधी ह्यांना विचारा, पोरांच्या डब्याचा हिशेब दाखवतेत का!” परवाना संपलेलं सॉफ्टवेअर लगेच उघडलं. प्रिंटर तर असा धावायला लागला की बस.

कागद हातात आले, आणि खरा घोटाळा पुढं आला. क्लार्कनं उसनवारीचं सगळं रुपयांत मांडलं होतं. सिद्धम्मा ज्वारी द्यायची ती सुगीला, भाव पडलेला असताना. तिला परत मिळायची ती श्रावणात, भाव चढलेला असताना. दिली पायली, घेतली पायली, फिटंफाट. पण रुपयांत बघितलं तर तिनं थोडं दिलं आणि जास्त घेतलं. म्हणजे जिनं सगळ्यांना जगवलं, तीच कागदावर सगळ्यांची देणेकरीण! आणि धुरपताबाई, शेजारच्या चुलीवरची, जिला अक्षर येत नव्हतं पण बेरीज कुणीतरी वाचून दाखवली होती, ती हसत हसत म्हणून गेली, “म्हंजी सिद्धम्मा, आमचंच निघतंय म्हणा तुमच्याकडं.”

चेष्टाच होती ती. पण सिद्धम्मा त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं धुरपताबाईच्या दारात ज्वारीचं अख्खं पोतं नेऊन आपटलं आणि म्हणाली, “घे यव्वा. फिटलं का?” मग धुरपताबाई रडली, मग बाकीच्या एकमेकींवर ओरडल्या, आणि पत्र्याच्या शेडमध्ये न मोडलेली रीत एका प्रिंटरनं मोडायची वेळ आणली. वहिदानं ते पोतं स्वतः ओढत परत आणलं. ओढताना ती सरांना, क्लार्कला आणि कंप्युटर शोधणाऱ्याला जे बोलली, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

“आपला हिशेब आपल्या घरात,” तिनं जाहीर केलं. “आपली मशीन, आपलं सॉफ्टवेअर. कुणाच्या परवान्यावर चालत न्हाई असलं.”

तिचा धाकटा भाऊ रिजवान नांदेडला वजिराबादेत कंप्युटरचं दुकान चालवायचा. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला, माहेरचं कौतुक. त्याला फोन गेला आणि आठवड्याच्या आत तो एक जुना कंप्युटर घेऊन एसटीनं लातुरात हजर झाला. मांडीवर मशीन घेऊन अहमदपूरचे खड्डे सोसत आला होता बिचारा, आणि पैसेही घेतले नाहीत. तो वाईट नव्हता, हे आताच सांगून ठेवलं पाहिजे. वाईट माणसावर राग काढणं सोपं असतं.

दुपारी डबे गेल्यावर सातहीजणी सिद्धम्माच्या चुलीपाशी जमल्या. पिठाच्या डब्यांवर फळी टाकून त्यावर मशीन मांडली.

“ह्यात लिनक्स हाय,” रिजवान म्हणाला. “मशीन चालवायचं सॉफ्टवेअर ते. फुकट, आणि रीतसर. चोरीचं न्हाई, कुणाचा परवाना न्हाई. फक्त लातुरात सगळे हिशेबाला जे वापरतेत ते ह्यावर चालत न्हाई. ह्यावर चालणारे दोन आणलेत. बघा आणि एक ठरवा.”

पहिल्याच्या चित्रात ढग होता, दुसऱ्याच्या चित्रात थैली. बायकांनी तीच नावं ठेवली, ढगवाला आणि थैलीवाला.

ढगवाला देखणा होता. मराठीत बोलायचा, बिलं छापायचा, रंगीत चित्रं काढून कुठल्या चुलीचा खर्च किती ते दाखवायचा. मोबाइलवरही दिसायचा. फक्त तो या मशिनीत राहत नव्हता. तो रिजवानच्या दुकानातल्या मोठ्या मशिनीत राहायचा आणि इंटरनेटवरून इथं यायचा. थैलीवाला अगदीच साधा. अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी, रंग नाही की रूप नाही. सगळा हिशेब या मशिनीतल्या एका फायलीत.

“ह्याच्यात एक गंमत हाय,” रिजवान थैलीवाल्याकडं बोट दाखवत हसला. “ह्याला रुपयाच पाहिजे असं न्हाई. डॉलर सांगा, शेअर सांगा, काहीबी नाणं म्हणून मांडून घेतंय. तुमची ज्वारीसुद्धा.”

“जोळ?” सिद्धम्मा पुढं सरकली. चिडली किंवा हरखली की तिच्या तोंडून कानडी निघायची.

“हाव अम्मा. एक पायली, दोन पायली. भाव लावायचाच न्हाई.”

त्यानं चेष्टेत दाखवलं, पण बायकांनी ते चेष्टेवारी नेलं नाही. त्याला लगेच कामाला लावलं. ज्वारी हे एक नाणं झालं, तेलाचा डबा हे दुसरं. सिद्धम्मानं धुरपताबाईला सुगीला पायली दिली, धुरपताबाईनं श्रावणात पायली परत केली. खाली शून्य आलं. नुसतं शून्य. धुरपताबाईला अक्षर येत नसलं तरी शून्य येत होतं. तिनं ते पडद्यावर बोटानं गिरवलं आणि सिद्धम्माकडं बघितलं, आणि पोत्याच्या दिवसानंतर त्या दोघी पहिल्यांदा सरळ एकमेकींकडं बघून हसल्या.

“हेच घ्यायचं,” वहिदा म्हणाली.

“आपा, गंमत म्हणून दाखवलं मी,” रिजवान गडबडला. “हे तुम्हाला झेपणार न्हाई. मशीन बिघडली, लाइट गेली, फाइल उडाली, मग? कॉपी काढून ठेवावी लागते रोज. कोण काढणार? ढगवाल्यात ती झंझटच न्हाई, मी बसलोय की नांदेडात. ज्वारीचंबी बघतो मी, रकाना काढून देतो वेगळा.”

“आणि चावी कुणाकडं त्याची?”

“माझ्याकडं. आणखी कुणाकडं असणार? तुम्हाला तुमचं तुमचं दिसंल, सगळं उघडायची चावी माझ्याकडं. घरातच हाय म्हणायची ती.”

हा शब्द पडला आणि सगळ्या बायकांचे खांदे सैल झाले. भाऊच आहे, घरातलाच माणूस, मग काय भीती? सरांसारखा परका थोडाच! सिद्धम्मासुद्धा थैलीवाल्यावरची नजर काढून म्हणाली, “तुझा भाऊ म्हणतोय तर तसंच कर वहिदा.” वहिदाच्या जिभेवर प्रश्न होता. पण सात बायकांसमोर सख्ख्या भावाला कसं म्हणायचं, की तुझ्याकडं चावी नको? पदरचे पैसे घालून, मांडीवर मशीन घेऊन आलेल्या भावाला? आमच्याकडं याला लिहाज म्हणतात. जगाशी भांडणारी बाई घरातल्या माणसासमोर लिहाज धरते आणि तिथंच मार खाते. वहिदानं मान हलवली. ढगवाला ठरला.

काही दिवस बरं चाललं. ज्वारीचा वेगळा रकाना काही आला नाही. फोन केला की रिजवान म्हणायचा, “ह्या आठवड्यात करतो आपा.” तोवर बायकांनी ज्वारी रुपयांतच टाकायला सुरुवात केली, तोवर तोवर म्हणत.

मग सरांबरोबर दराची बैठक झाली. वहिदानं कागद तयार करून नेले होते. सरांनी ते उघडलेसुद्धा नाहीत. चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, “धुरपताबाईंच्या चुलीचा खर्च तर मागच्या महिन्यात उतरलाय. सिद्धम्मांकडं तेल जास्त जातंय, ते सांभाळा. तुमच्याकडं अजून जागा आहे बघा. दर वाढवायची काही गरज दिसत नाही.”

तिच्या कागदांत चुलीवार आकडे नव्हतेच. ते फक्त ढगवाल्यात होते.

“तुम्हाला कुणी सांगितलं हे?”

“अहो, रिजवानराव आपलेच आहेत की,” सर अगदी मोकळेपणानं म्हणाले. “नांदेडच्या आमच्या नव्या शाखेचे सगळे कंप्युटर तेच बसवून राहिलेत. बोलता बोलता विषय निघाला.”

दर वाढला नाही. बायका उठल्या, खाली मान घालून जिना उतरल्या. कुणी वहिदाला एक शब्द बोललं नाही, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या सकाळी तिनं नांदेडची एसटी धरली. लोह्यापर्यंत ती मनातल्या मनात भांडत होती, आणि लोह्याच्या पुढं ओठ हलायला लागले तशी शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली. दुकानात गिऱ्हाईक होतं. वहिदानं त्याची पर्वा केली नाही.

“सरांना आमचे आकडे दिलेस तू?”

“आपा, बस तरी. पाणी घे.”

“दिलेस का न्हाई?”

रिजवाननं गिऱ्हाइकाला हातानं बाहेर जायला सांगितलं. “त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यात चोरी काय हाय? उलट मला वाटलं, सरांना खरं दिसलं तर विश्वास बसंल तुमच्यावर. तुमच्याच भल्याचं केलं.”

“आमचं भलं आमाला विचारून करायचं!”

“तुझं डोकं फिरलंय,” आता तोही चढला. “एका कंप्युटरसाठी भावाच्या दुकानात येऊन तमाशा करून राहिलीस? अब्बांच्या घराच्या वेळी हक्कसोडवर सही केलीस, तवा तर एक शब्द बोलली न्हाईस. एवढं घर सोडलंस आणि आता चार ज्वारीच्या आकड्यांसाठी रडून राहिलीस!”

 नांदेडच्या इतवाऱ्यातलं ते घर, जिथं तिनं या पोराला कडेवर घेऊन फिरवलं होतं, त्यातला आपला हिस्सा तिनं भावजयीनं केलेल्या बिर्याणीच्या ताटासमोर बसून सोडला होता. सगळ्या बहिणी सोडतात. नाही सोडला तर माहेरची वाट बंद होते. तेव्हा कुणी तिला, तुला चालेल का, असं विचारलंसुद्धा नव्हतं. सही कुठं करायची तेवढं दाखवलं होतं.

“घर माझं होतं, म्हणून सोडलं,” वहिदा म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की रिजवान घाबरला. ओरडणारी आपा त्याला ठाऊक होती, ही नव्हती. “ही ज्वारी माझी न्हाई रिजवान. ती सोडायचा हक्क मला न्हाई आणि देऊन टाकायचा तुला न्हाई. काढ सगळं तुझ्या मशिनीतून. माझ्यासमोर काढ.”

त्यानं काढलं. त्यानं सगळा हिशेब एका पेनड्राइव्हवर उतरवून दिला आणि स्वतःच्या मशिनीतला पुसून टाकला. तिनं शेवटपर्यंत उभं राहून बघितलं. मग थैलीवाल्यात तो कसा भरायचा, कॉपी कशी काढायची, हे त्यालाच विचारलं, एकदा नाही, पुरतं समजेपर्यंत. त्यानं सांगितलं, पण तिच्याकडं बघितलं नाही. निघताना त्यानं तिला जेवून जा म्हटलं नाही. लग्न झाल्यापासून माहेरहून न जेवता परत जायची तिची ही पहिलीच वेळ होती.

लातुरात परत आल्यावर तिनं थैलीवाला भरायला घेतला. ज्वारी पुन्हा नाणं झाली, तेलाचा डबा नाणं झाला. रुपयांतली प्रत्येक उसनवारी शोधून तिनं परत पायलीत मांडली. रोज दुपारी बसायची, डोळे चुरचुरेपर्यंत. शेवटी फायलीला पासवर्ड घातला, चांगला अवघड, कुणाला सापडणार नाही असा. मग सगळ्यांना सिद्धम्माच्या चुलीपाशी बोलावलं.

सिद्धम्माच्या नावापुढं शून्य होतं. धुरपताबाईच्या नावापुढं दोन पायल्या येणं. सगळ्यांनी आपापलं बघितलं. बैठकीनंतर पहिल्यांदा बायका वहिदाशी नीट बोलायला लागल्या.

“आता कुणी हात लावू शकणार न्हाई,” वहिदा म्हणाली. “कुलूप हाय त्याला. माझ्याशिवाय उघडत न्हाई.”

सिद्धम्मा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“आधी चावी सरांकडं होती,” ती म्हणाली. “मग तुझ्या भावाकडं. आता तुझ्याकडं. आमच्याकडं कवा येणार?”

वहिदाच्या अंगाचा भडका उडाला. ज्यांच्यासाठी भाऊ तोडला, माहेर तोडलं, दुपारच्या दुपारी डोळे फोडले, त्यांनी हे म्हणावं? मला सरांच्या रांगेत बसवावं? ती उठून उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं. सातही चुलींना ऐकू जाईल असं काहीतरी तिच्या ओठापर्यंत आलं होतं.

सिद्धम्मा भाकरी तव्यावर टाकत होती. “एका झोपेत गाव गेलं आमचं,” ती म्हणाली. “कुणाच्या पेटीची चावी कुणाकडं, सांगायला माणूस उरलं न्हाई. तू चांगली हाईस यव्वा. पण चांगली हाईस म्हणून काय?”

 राग तर होताच, चांगला पेटलेला होता, पण तो आता कुणाच्या अंगावर टाकावा हे वहिदाला कळेना. सरांवर टाकून झाला होता, रिजवानवर टाकून झाला होता. आता उरली होती ती स्वतःच.

ती परत मशिनीपुढं बसली. अवघड पासवर्ड काढून टाकला. “काय ठेवायचं सांगा,” ती म्हणाली. “सगळींना ध्यानात राहील असं सांगा. आणि धुरपताबाई, तुम्ही इकडं या, माझ्याजवळ. कुठली बटणं दाबायची ती बघून घ्या.”

मग शब्द कुठला ठेवायचा यावरून सातजणींचं भांडण जुंपलं. वहिदा त्यात सगळ्यात मोठ्यानं भांडली.